रेडिओ चांगला आहे, पण तो बोटीसाठी बनवलेला नाही



यंदा बंदीच्या दिवसांत मी इंदूरला लेकीकडे होतो. १ जून ते ३१ जुलै आपली बोट वर ओढलेली, जाळी विणून झालेली, मग हर्णैला बसून करायचं काय? इंदूरला समुद्र नाही, मासळीचा वास नाही, सकाळी पोहे आणि रात्री सराफ्यात खाणं. चार दिवसांत कंटाळलो. जावयाने ते ओळखलं आणि जेल रोडच्या बाजारातून मला एक छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ आणून दिला. म्हणाला, "बाबा, बोटीवर न्या."

तो रेडिओ मी दीड महिना इंदूरला ऐकला आणि १ ऑगस्टनंतर बोटीवर नेला. दोन्हीकडचा अनुभव लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या आकाराचे बहुतेक संच एकाच धाटणीचे असतात आणि मला कुणाची जाहिरात करायची नाही, बदनामीही नाही.

आधी जे आवडलं ते. खिशात मावेल असा संच. तीन पेन्सिल सेलवर चालतो, आणि ते सेल हर्णैच्या कुठल्याही टपरीवर मिळतात. रोज तीनेक तास ऐकून मला आठवडा पुरले. जुन्या ट्रान्झिस्टरसारखा काटा केसाएवढा सरकवत बसायला नको. आकडा दाबला की थेट त्या स्टेशनवर. एक बटण दाबून ठेवलं की सगळी पट्टी स्वतः चाळतो आणि जी स्टेशनं लागतात ती लक्षात ठेवतो. सिग्नल किती जोरात आहे ते पडद्यावर आकड्यात दिसतं. ठरवलेल्या वेळी आपोआप सुरू होतो, हे तर फारच कामाचं.

इंदूरला पहिले दोन दिवस मात्र नुसती खरखर. घर चौथ्या मजल्यावर, एलईडी ट्यूब, मोबाईलचे चार्जर, लिफ्ट. या सगळ्यांचा आवाज रेडिओत शिरतो. गच्चीवर नेला आणि रात्री नऊनंतर लावला, तेव्हा जग उघडलं. चीनची हिंदी, कुठली तरी अरबी, इंग्रजी. जूनच्या ढगांत वीज चमकली की प्रत्येक वेळी कडकड. मिडियमवेव्ह आणि शॉर्टवेव्हला विजेचा त्रास होतोच, त्याला इलाज नाही.

गच्चीवर माझ्या सोबतीला व्याही यायचे. त्यांचं सगळं आयुष्य इंदूरच्या रामबागेत गेलं. पहिल्याच रात्री म्हणाले, "व्याहीबुवा, काय शोधून राहिलात एवढं?" मी म्हटलं, मुंबई शोधतोय. मुंबई आकाशवाणी पूर्वी ६० मीटरच्या पट्टीवर, ४८४० किलोहर्ट्झला असायची. माझा बाप दर्यात ती ऐकायचा. आता त्या आकड्यावर मला फक्त खरखर मिळाली.

मग व्याहींनी त्यांच्याकडची गोष्ट सांगितली. इंदूरची आकाशवाणी १९५५ साली मालवा हाउसमधून सुरू झाली. तिच्यावर संध्याकाळी शेतकऱ्यांचा 'ग्रामसभा' कार्यक्रम लागायचा. त्यात नंदाजी आणि भेराजी ही दोन पात्रं चक्क माळवी बोलीत गप्पा मारायची. बियाणं कुठलं, खत किती, पाऊस कधी, बाजारभाव काय, सगळं त्या गप्पांत यायचं. शुद्ध हिंदीतलं सरकारी भाषण नव्हे, तर ओट्यावर बसून शेजाऱ्याने सांगावं तसं. व्याही म्हणाले, "गावातल्या लोकांना मंत्री माहीत नव्हता, पण नंदाजी माहीत होता."

मंडळी, हे ऐकून मला आतून काहीतरी लागलं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या शेतकऱ्याला त्याच्या बोलीत, त्याच्या वेळेला, त्याच्या कामाचं सांगणारं कुणीतरी होतं. दर्यात चाळीस मैलांवर असलेल्या आपल्या तांडेलाला आज रात्री मराठीत असं कोण सांगतं?

आता बोटीवरचा अनुभव. पहिल्याच फेरीत कळलं की ज्याने हा रेडिओ बनवला, त्याच्या डोळ्यांसमोर पलंगाशेजारचं टेबल होतं, बोटीचं केबिन नव्हतं.

इंजिन चालू असताना स्पीकरचा आवाज पुरत नाही. डायनॅमो आणि एलईडी दिव्यांची घरघर रेडिओत येते. इंजिन बंद करून जाळ्यावर थांबलो की मात्र इंदूरच्या गच्चीपेक्षा दसपट स्वच्छ ऐकू येतं. खाऱ्या पाण्यावरून मिडियमवेव्ह जमिनीपेक्षा लांब जाते, म्हणून दिवसा किनाऱ्याची स्टेशनं दर्यातही बरी लागतात. रात्री लांबची शॉर्टवेव्ह. संचाचा दांडा अपुरा पडतो, म्हणून मी आठ-दहा मीटर साधी वायर डोलकाठीवरून सोडली आणि चिमट्याने दांड्याला लावली. फरक लगेच कळतो. पण वीज कडाडायला लागली की वायर आधी काढा. हे विसरू नका.

दुसऱ्या फेरीत लाटेचं पाणी केबिनमध्ये आलं. थोडंच. पण तीन दिवसांनी दांड्याचे सांधे हिरवे पडले आणि दोन बटणं अडकायला लागली. ओल्या, मासळीच्या हातांनी ती बारीक बटणं दाबताच येत नाहीत. एकाच्या जागी दोन दाबली जातात.

तर या संचात, किंवा पुढे कुणी असा संच बनवणार असेल तर त्यात, काय हवं ते लिहितो.

१) पाणी आणि मीठ. नुसतं पाणी झेपणारा चालणार नाही, मीठ झेपणारा हवा. दांडा गंजणार नाही अशा धातूचा. सेलचं झाकण रबराच्या कडेचं. पाण्यात पडला तर तरंगणारा असेल तर उत्तमच.

२) मोठी, उठावदार बटणं. अंधारात बोटाने ओळखता यावीत. हातमोजे घालूनही दाबता यावीत.

३) इंजिनावर मात करणारा स्पीकर. गाणी गोड वाजली नाहीत तरी चालेल, पण बोललेला शब्द स्पष्ट यायला हवा.

४) सेल हेच राहू देत. काही नव्या संचांत आतच बसवलेली चार्जिंगची बॅटरी असते. बोटीवर ती संपली की संपली. सेलसोबत बोटीच्या बॅटरीवरूनही चालावा, पण डायनॅमोची घरघर आत न घेता.

५) बाहेरची वायर लावायला पक्की जागा. चिमट्याचा जुगाड किती दिवस करायचा?

६) एसएसबी. जहाजं आणि किनारी केंद्रं लांबच्या बोलण्यासाठी जी पद्धत वापरतात, ती साध्या संचावर बदकाच्या आवाजासारखी ऐकू येते, शब्द कळत नाही. २१८२ किलोहर्ट्झ हा जुना संकटकाळचा आकडा. माझ्या संचावर तो लावताच येत नाही, कारण शॉर्टवेव्ह २३०० पासून सुरू होते.

७) ५१८ किलोहर्ट्झ. ही गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. जहाजांना वादळाचे आणि धोक्याचे संदेश नॅव्हटेक्स नावाच्या पद्धतीने ५१८ किलोहर्ट्झवर दिले जातात. त्याचं एक केंद्र आपल्याच वेंगुर्ल्याला आहे. आणि माझ्या संचाची लाँगवेव्ह ५१३ ला संपते, मिडियमवेव्ह ५२२ ला सुरू होते. नेमका आपल्या जिवाचा आकडा मधल्या फटीत पडला! अर्थात नुसतं ऐकून त्या टिकटिकीतून काही कळत नाही, अक्षरं काढणारा भाग लागतो, आणि संदेशही इंग्रजीत असतो. पण पाचेक हजारांच्या संचात इतकं सगळं घालता येतं, तर छोट्या पडद्यावर दोन ओळी उमटवणं काय अशक्य आहे?

८) स्वतः जागा होणारा रेडिओ. जपानमध्ये १९८५ पासून भूकंप-त्सुनामीच्या वेळी रेडिओ केंद्र एक खास सूर पाठवतं आणि त्यासाठी बनवलेले संच बंद असले तरी आपोआप सुरू होतात. अमेरिकेच्या हवामान रेडिओतही अशी सोय आहे. आपले खलाशी थकून झोपलेले असतात. झोपलेल्याला उठवेल तोच इशारा खरा.

९) मराठीतलं माहितीपत्रक. माझ्यासोबत आलेलं इंग्रजी आणि चिनीत होतं.

आता काहीजण म्हणतील, काका, कुठल्या जमान्यात आहात? ट्रान्सपॉन्डर आले की. आलेत, आणि ते लावलेच पाहिजेत. ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्या पालघरमध्येच त्या योजनेचा प्रारंभ झाला, देशभरात एक लाख बोटींवर बसवायचे म्हणून. त्याआधी २०१९ मध्ये जेमिनी नावाचं यंत्र आलं, तेही उपग्रहावरून इशारा देतं. ही सगळी धडपड ओखीनंतरची. नोव्हेंबर २०१७ अखेर ओखी आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या बोटी खोल दर्यात होत्या, मोबाईलची रेंज संपलेली, इशारा पोचलाच नाही. कित्येक बोटी भरकटत आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. कित्येक माणसं परत आलीच नाहीत. आणि आपण तरी ११ नोव्हेंबर २००९ चं फयान कुठे विसरलोय?

मी रेडिओ ट्रान्सपॉन्डरच्या जागी मागत नाही, जोडीला मागतोय. ट्रान्सपॉन्डर एका बोटीला एक. रेडिओ प्रत्येक खलाशाच्या उशाशी राहू शकतो. बिगरयांत्रिकी होडीवर, पाड्यावर, घरात, सगळीकडे तोच इशारा एकाच वेळी जातो. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा आपल्याकडे वीज गेली, टॉवर पडले, मोबाईल कित्येक दिवस मुका. माझ्या घरात तेव्हा बोलत होता तो फक्त बापाचा जुना ट्रान्झिस्टर. इंदूरची लेक तिकडे रडत होती, आम्ही जिवंत आहोत हे तिला कळवायची सोय नव्हती. पण बाहेर काय चाललंय, मदत कुठे पोचली, हे आम्हाला तरी कळत होतं.

पण खरी अडचण संचापेक्षा मोठी आहे. रेडिओ कितीही चांगला झाला तरी पलीकडून कुणी बोललं पाहिजे. शॉर्टवेव्हवरचं एकेक केंद्र बंद होतंय. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला थांबली. ऑस्ट्रेलियाने आपली शॉर्टवेव्ह २०१७ मध्ये बंद केली, तेव्हा प्रशांत महासागरातल्या बेटांवरून ओरड झाली की वादळात आम्हाला आता कोण सांगणार. तिथेही उत्तर हेच मिळालं होतं की इंटरनेट आहे ना. इंटरनेट दर्यात कुठंय?

हवामान खातं मच्छीमारांसाठी इशारे काढतं. हैदराबादची इन्कॉईस लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज देते. माहिती तयार आहे. तुटलेली आहे ती शेवटची वाट, किनाऱ्यावरून आपल्या केबिनपर्यंतची.

म्हणून सोसायटीपुढे माझं म्हणणं साधं आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत ठराव घ्यावा. रात्री आणि पहाटे, ठरल्या वेळी, दहा मिनिटांचं मराठी सागरी वार्तापत्र, मिडियमवेव्हवर आणि ६० किंवा ४९ मीटरच्या शॉर्टवेव्हवर. आपल्या किनाऱ्यापासून दोन-चारशे किलोमीटरच्या टापूसाठी रात्री याच खालच्या पट्ट्या बऱ्या. वारा किती, लाट किती, कुठल्या पट्ट्यात जाऊ नये, कुठल्या बंदरात आसरा. आणि ते सांगणारा माणूस आपल्या भाषेत बोलणारा हवा. 'ताशी साठ किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता वर्तवण्यात येत आहे' असं म्हणून नाही भागत. 'हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत उद्या दुपारनंतर कुणी बाहेर राहू नका' असं सांगणारा हवा. आपला नंदाजी हवा.

दुसरं, सोसायटीने वेगवेगळे चार-पाच संच घेऊन एक हंगाम चार बोटींवर फिरवावेत. मिठात कुठला टिकतो, इंजिनात कुठला ऐकू येतो, ते लिहून ठेवावं. मग एकगठ्ठा खरेदी करताना आपण बनवणाऱ्याला सांगू शकू की आम्हाला हे हवं. एकट्या-दुकट्याचं कुणी ऐकत नाही, शंभर संच घेणाऱ्याचं ऐकतात.

माझा संच सध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून केबिनमध्ये टांगलाय. अडकलेली दोन बटणं जावई दिवाळीला आला की बघणार आहे. तोवर रात्री नऊ वाजता तो आपोआप सुरू होतो, तांडेल कान लावतो आणि दहा मिनिटं शोधून पुन्हा बंद करतो. त्या दहा मिनिटांत कुणीतरी आपल्याशी मराठीत बोलावं, एवढंच मागणं आहे.

तुमच्या बोटीवर रेडिओ आहे का? कुठला टिकला, कुठला बिघडला, खाली जरूर लिहा. ठरावासोबत तुमचे अनुभव जोडता येतील.