मापं तरी जाहीर करा
जुनी स्नोमोबाइल जागती ठेवायची तर इंजिनापेक्षा क्लच जास्त छळतो. मी अमेरिकेतल्या बर्फाळ मिनेसोटात राहतो, म्हणून हे खूळ. गाडी सत्तरच्या दशकातली, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. कायनेटिक होंडा चालवलेल्यांना रचना लगेच कळेल: क्रँकशाफ्टवर एक पुली (हाच क्लच), मागे दुसरी, मध्ये रबरी पट्टा, वेग वाढला की पुढची मिटते, मागची उघडते.

क्लच बदलायचा म्हटलं की विक्रेते विचारतात, मॉडेल कोणतं? प्रश्नच अपुरा. खरं माप शाफ्टच्या निमुळत्या टोकाचं. दोन क्लच दिसायला जुळे असले, तरी आतला उतार किंचित वेगळा निघाला की पकड अर्धवट बसते आणि शाफ्टच खराब होतो. मी शाफ्टला शाई फासून क्लच बसवतो, काढतो; ठसा सगळीकडे सारखा उमटला तरच पुढची कामं. पट्ट्याची रुंदी, दोन पुल्यांमधलं अंतर, त्यांची रेष. एवढं जुळूनही आतली वजनं आणि स्प्रिंग भलत्याच इंजिनासाठीची असतील, तर गाडी एक तर गुदमरते, नाही तर नुसतीच किंचाळते.

कंपन्यांनी जुने भाग बनवणं थांबवलं, याबद्दल तक्रार नाही. पन्नास वर्षं साठा कोण ठेवणार? पण जुनी ड्रॉइंग दडवून कोणता धंदा वाचतो? मिनेसोटाने २०२३ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तोही इलेक्ट्रॉनिक उपकरणांपुरता. बंद मॉडेलांची मापं खुली करण्याची सक्ती त्यात यायला हवी. आणि हो, क्लच उपसायच्या पुलरचे आटेही लिहा. ते सगळ्या क्लचचे सारखे नसतात.