राजाला आरसा दाखविणारे आख्यान

गणेशोत्सवाचे दिवस हे आराधनेचे, तसेच सामुदायिक कार्याच्या परीक्षेचेही दिवस होत. आमच्या गोंदियात ठिकठिकाणी मंडप उभे राहतात, अध्यक्ष आणि खजिनदार निवडले जातात, आणि कालपर्यंत घरापुरता वावरणारा तरुण एकाएकी दहा जणांचा पुढारी होतो. गणपती हा तर गणांचा नायकच. तेव्हा या पर्वकाळी नायकत्वाचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

त्यासाठी आज यहुदी धर्मग्रंथातील आख्यान घेतो. मराठी कीर्तनाला ते परके नाही. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्या बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या ग्रंथातील कथांवर मराठीतून कीर्तने रचिली व केली. आपल्या कीर्तनपरंपरेचा याहून मोठा गौरव कोणता?

दावीद हा मूळचा मेंढपाळ. गोफणीच्या एका दगडाने त्याने महाकाय गल्याथाला लोळविले. पुढे शौल राजा जिवावर उठला असता, तो हाती सापडूनही दावीदाने त्याच्यावर शस्त्र धरिले नाही. असा हा पुरुष राजपदी आरूढ झाला आणि तेथेच घसरला. उरीया नावाचा त्याचा निष्ठावंत योद्धा रणांगणावर असता राजाने त्याच्या पत्नीचा अभिलाष धरिला आणि पाप झाकण्यासाठी त्यास मुद्दाम घनघोर लढाईच्या तोंडी देऊन मरणास धाडिले.

तेव्हा नाथान नावाचा संदेष्टा राजाकडे आला. त्याने आरोप केला नाही. एक कथा सांगितली. एका श्रीमंताकडे मेंढरांचे कळप होते, तर शेजारच्या गरिबाकडे लेकीसारखे वाढविलेले एकच कोकरू. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने आपले कळप राखले आणि गरिबाचे कोकरू कापले. हे ऐकून दावीद क्रोधाने पेटला व त्या श्रीमंतास देहान्ताची शिक्षा योग्य म्हणाला. मग नाथानाने राजाकडेच बोट केले. दावीदाने ना सबब सांगितली, ना नाथानाला शासन केले. त्याने अपराध मान्य केला. कर्मफळ मात्र चुकले नाही. पुढे पोटच्या पुत्राने, अबशालोमाने, बंड केले आणि राजाला राजधानी सोडावी लागली.

आता मराठी इतिहासाकडे वळू. 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांस याला देहान्त प्रायश्चित्तच आहे असे निर्भयपणे सांगितल्याची व पुणे सोडल्याची कथा सर्वश्रुत आहे. रघुनाथरावांनी ते मानिले नाही. बारभाईंनी त्यांस दूर सारिले, आणि 1775 मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह करून त्यांनी मदतीच्या बदल्यात साष्टी व वसई देऊ केली. एका पुरुषाने सत्य नाकारले, त्याची किंमत राज्याने मोजली.

दोघांचाही अपराध घोर होता. भेद एवढाच की एकाने आरशात पाहिले आणि दुसऱ्याने आरसाच दूर लोटला. म्हणून माझे नम्र मत असे की, नेत्याची थोरवी पराक्रमावरून न जोखता त्याच्या आसपास खरे बोलणारा मनुष्य टिकतो की नाही, यावरून जोखावी. धृतराष्ट्रापाशी विदुर होता; ऐकणारा कान मात्र नव्हता.

हे केवळ राजांपुरते नाही. राईस मिलच्या मालकास हिशेबातील गफलत दाखविणारा दिवाणजी, वर्गणीचा जमाखर्च फलकावर लावा असे सांगणारा मंडळाचा कार्यकर्ता, कर्त्या पुरुषाला त्याचा अन्याय दाखवून देणारी सून, ही सारी नाथानाचीच रूपे होत. त्यांना उद्धट म्हणून गप्प बसविणे हा आपला नित्याचा दोष आहे. दावीदाच्या लोकांनी आपल्या लाडक्या राजाचे पाप पवित्र ग्रंथातून पुसून टाकिले नाही. आपल्या व्यासांनीही धर्मराजाचे द्यूत लपविले नाही.

विसर्जनापूर्वी प्रत्येक मंडळाने जमाखर्च सर्वांसमोर वाचावा, आणि प्रश्न विचारणाऱ्यास प्रथम प्रसाद द्यावा. विघ्नहर्त्यास ही सेवा निश्चित रुचेल.