मोडली तरी चालेल अशी गाडी

परवा रात्री सॅन होजेहून मुलाचा फोन आला. 'हॅलो'वरूनच कळलं, स्वारी वैतागलेली आहे. "बाबा, तुमच्या नातीला आता तुम्हीच समजवा. तिला म्हणे ट्रॅकवर चालवायला वेगळी गाडी घ्यायची आहे. एक गाडी दारात उभी असताना!"

म्हणजे न्यायनिवाडा माझ्याकडे आला. आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. गाडीतलं मला काय कळतंय? पण गेल्या वर्षी तिकडे गेलो होतो तेव्हा नातीनं मला माँटेरेजवळच्या लगुना सेका ट्रॅकवर नेलं होतं, त्यामुळे विषय अगदीच परका नाही. लगुना सेका म्हणजे स्पॅनिशमध्ये कोरडं तळं. १९५७ सालचा हा ट्रॅक सव्वादोन मैलांचा आहे, आणि त्याला अकरा वळणं आहेत. त्यातलं 'कॉर्कस्क्रू' नावाचं वळण तर असं, की गाडी दीडशे पावलांत पाच मजली इमारतीइतकी खाली उतरते. मी वरूनच पाहिलं आणि रेलिंग घट्ट धरलं.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो माझाही होता. ही शर्यत नव्हे. नंबर नाही, बक्षीस नाही. हौशी माणसं पैसे भरून दिवसभरासाठी येतात, अनुभवाप्रमाणे त्यांचे गट पाडतात आणि एकेका गटाला वीस-पंचवीस मिनिटं ट्रॅक मिळतो. नवख्याच्या शेजारी शिक्षक बसतो. नवख्यांच्या गटात पुढे जायचं तर ठरलेल्या सरळ पट्ट्यातच, आणि तेही पुढच्यानं खिडकीतून हात काढून "जा" म्हटल्यावर. ते पाहून मला आपला महामार्ग आठवला. आपल्याकडे मागचा हॉर्न वाजवून वाट मागतो आणि तरी पुढचा देत नाही!

तर प्रश्न असा, की गाडी कोणती? घरात तीन मतं आहेत. मुलगा म्हणतो, जायचंच असेल तर रोजची गाडी ने, दुसरी कशाला? नातीचे मित्र म्हणतात, कर्ज काढ पण चारशे हॉर्सपॉवरची घे. आणि नातीचं मन बसलंय तीस वर्षं जुन्या माझ्दा मियाटावर.

मी नातीच्या बाजूचा आहे. का, ते सांगतो.

आधी रोजच्या गाडीचं बघू. ट्रॅकवर सगळ्यात आधी दमतात ते ब्रेक. गाडी थांबवायची म्हणजे तिच्या वेगाची उष्णता करायची, आणि वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. दर वळणाला असं झालं की साधे ब्रेक पॅड पकड सोडतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत असतं. ते जुनं असेल तर लवकर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय पार तळापर्यंत जातो, गाडी थांबत नाही. त्याच गाडीनं दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायचं? शिवाय बहुतेक विमा पॉलिसींमध्ये ट्रॅकवरचं नुकसान धरलेलं नसतं, ते वेगळंच.

पण माझं मत पक्कं झालं ते दुसऱ्याच गोष्टीनं. ट्रॅकसाठी गाडी सुरक्षित करायची म्हणजे आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवायचा आणि खांद्यांवरून आवळणारे पट्टे लावायचे. ट्रॅकवर डोक्यावर हेल्मेट असतं म्हणून हा पिंजरा जीव वाचवतो. रस्त्यावर हेल्मेट नसतं, तेव्हा साध्या धडकेतही डोकं त्याच नळीवर आपटू शकतं. म्हणजे एका जागी जे रक्षण करतं तेच दुसऱ्या जागी घात करतं. एकच गाडी दोन्हीकडे चालवणं म्हणजे काटकसर वाटते खरी, पण त्यात दोन्हीकडे थोडा थोडा धोका पत्करलेला असतो.

आता चारशे हॉर्सपॉवर. इथे माझ्यातला मास्तर जागा होतो. पहिलीतल्या मुलाच्या हातात आपण बोरू देत होतो, भारी पेन नव्हे. बोरूनं चूक लगेच दिसते. ताकदवान गाडीत वळण चुकलं तरी पुढच्या सरळ पट्ट्यात पाय दाबून वेळ भरून काढता येतो, आणि आपण शिकलो असा भ्रम होतो. मियाटात ते जमत नाही. १९८९ साली आलेल्या त्या पहिल्या मॉडेलचं वजन साधारण साडेनऊशे किलो आणि इंजिन अवघं ११६ हॉर्सपॉवरचं. वळण नीट घेतलं तरच वेग टिकतो. वजन कमी म्हणून ब्रेक आणि टायर कमी झिजतात, आणि खर्चाचा खरा खड्डा तिथेच असतो, गाडीच्या किमतीत नव्हे. २०१६ पर्यंत या गाड्या दहा लाखांवर निघाल्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्त करणारेही. जपानी लोक त्या गाडीबद्दल म्हणतात की घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत. आपण त्याला मांड पक्की असणं म्हणतो.

आणि शेवटचं कारण. कर्जाची, चकचकीत गाडी चालवताना माणूस गाडी जपतो. गाडी घसरायला लागली की मनात हप्ते येतात. ट्रॅकवर घेऊन जायची ती गाडी अशी असावी, की भंगारात गेली तरी बसमधून घरी येता यावं आणि रात्री झोप लागावी. ज्याला ती मोडण्याची भीती वाटते त्याला ती परवडत नाही, असं समजावं.

नातीला मी दोन अटी घातल्या. एक, कोणीतरी आधीच पिंजरा वगैरे बसवून तयार केलेली गाडी घे. त्यात घातलेला पैसा विकणाऱ्याला कधीच पुरता वसूल होत नाही, तो तुझा फायदा. दोन, उघड्या टपाची गाडी आहे, तेव्हा हेल्मेट घालून आत बस आणि मागच्या नळीपासून पुढच्या काचेच्या कडेपर्यंत झाडूची दांडी आडवी धर. डोकं दांडीला लागलं तर कितीही स्वस्त असो, ती गाडी सोड. (ही झाडूची युक्ती तिकडचीच आहे, माझी नव्हे. मला आवडली.)

हे सगळे चोचले आहेत, पेट्रोल जाळणं आहे, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. ते खरंच आहे. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते घरातलं आहे.

माझा धाकटा भाऊ १९८४ साली सातारा रस्त्यावर गेला. त्याला वेगाची हौस होती आणि ती भागवायला रस्त्याशिवाय दुसरी जागा नव्हती. समोरून ट्रक आला. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता, काकाच्या मोटरसायकलवर मागे बसून हिंडणारा. त्याचा वैताग पैशांसाठी नाही हे मला फोन घेतानाच कळलं होतं. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या किती जणांना फक्त वेग हवा होता, कोण जाणे. वेगाची ओढ सांगून जात नाही. तिला समोरून ट्रक न येणारी जागा देता येते, एवढंच आपल्या हातात असतं.

मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "पिंजऱ्याची गाडी रस्त्यावर चालवायची नाही, ट्रेलरवर घालून न्यायची. ट्रेलर ओढायला तुझाच पिकअप लागणार. म्हणजे दर वेळी तूही बरोबर असशील."

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाला, "टायर मीच बघून घेईन."

असो. निवाडा झाला असं समजतो.