जनसुनावणीस अवश्य जावे

पर्यावरण मंत्रालय दिल्लीस. त्याचा आपल्या विहिरीशी व शेताशी संबंध तो काय, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तो निकटचा आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याच कायद्याखाली मंत्रालयाने २००६ साली काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे अनेक मोठ्या खाणी व कारखाने यांना मंजुरी देण्यापूर्वी त्या स्थळाजवळ जनसुनावणी घ्यावी लागते. निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना येते. अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत उपलब्ध असतो.

एक गोष्ट मात्र ध्यानी ठेवावी. सुनावणीस किमान इतकी माणसे हवीत, असा नियम नाही. आपण घरी बसलो तरी ती पार पडते. गावचा प्रत्येक शब्द मानलाच जाईल असे नव्हे. परंतु तेथे मांडलेल्या महत्त्वाच्या शंकांची दखल अंतिम अहवालात घ्यावी लागते. यास्तव सारांश आधी वाचावा, शांतपणे बोलावे, व शेवटी इतिवृत्त वाचले जाईल तेव्हा आपले म्हणणे त्यात उतरले की नाही, हे पाहूनच घरी परतावे.