हिशोब त्यांना येतोच

१९९७ साली म्हसवडला चेतना गाला सिन्हांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. आधी रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला होता, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमचे साहेब यंत्राशिवाय सांगतील का? परवाना मिळाला! पुढे २०१८ साली चेतनाताई दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्ष झाल्या.

भंडाऱ्यात हे मुद्दाम सांगतोय. रोवणीची मजुरी, बचत गटाचे हप्ते आपल्या बायांना तोंडपाठ असतात. पंचायतीत निम्म्या जागाही त्यांच्या आहेत. तरीही सरपंचबाईंच्या खुर्चीत नवरा बसलेला दिसला, तर ग्रामसभेने त्याला उठवावं.