मैदान कीं वाचनालय ?

सुटीच्या दिवशीं तरुणांनीं मैदानावर जावें कीं वाचनालयांत, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. तालमीचे अभिमानी म्हणतात, पुस्तकी किडा समाजास निरुपयोगी; ग्रंथांचे अभिमानी विचारतात, चेंडूमागें धांवून कोणाची बुद्धि वाढली ? आमच्या मतें दोन्ही पक्ष मुख्य प्रश्न सोडून भांडत आहेत. करमणूक शरीराची असो वा बुद्धीची, तिच्या निमित्तानें चार माणसें एकत्र येतात हा तिचा मोठा लाभ होय. तेव्हां पाहावयाचें तें हें कीं, त्या चौघांत कोणास बसूं देतात आणि कोणास दाराबाहेर ठेवतात.

पुण्याचाच दाखला घ्या. न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं तेथें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली व सायंकाळची घटका व्याख्यान ऐकण्यांत घालविण्याची गोडी नागरिकांस लागली. त्याच शतकाच्या अखेरीस त्याच शहरांत चर्मकार समाजांतील पालवणकर बाळू हे गोलंदाज म्हणून नांवारूपास आले. तेथील हिंदु खेळाडूंनीं त्यांस आपल्यांत घेतलें, कारण सामने जिंकावयाचे होते. परंतु मधल्या सुटींत त्यांचा चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांत! पुढें १९०६ सालीं मुंबईस हिंदु संघानें युरोपियनांस हरविलें, त्या संघांत बाळू होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. तरी हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस देण्यांत आलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें. चेंडूचा विटाळ कोणास झाला नाहीं, चहाचा मात्र झाला !

बुद्धीचे खेळ या दोषापासून मुक्त आहेत असेंही कोणी समजूं नये. बुद्धिबळास शरीरबळ लागत नाहीं. तरीही १९७६ सालीं मुंबईच्या रोहिणी खाडिलकर राष्ट्रीय पुरुष स्पर्धेंत उतरल्या, तेव्हां स्त्रीनें खेळण्यास हरकत घेण्यांत आली. अखेर जागतिक संघटनेस सांगावें लागलें कीं, केवळ स्त्री म्हणून कोणास वगळतां येणार नाहीं. २०२५ सालीं नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं महिलांचा विश्वचषक जिंकला, त्याचा अभिमान बाळगतांना या हरकतीचेंही स्मरण ठेवणें बरें.

आज मैदानावर जात उघडपणें विचारीत नाहींत, ही सुधारणा खरी. पण मोठ्या जिमखान्यांच्या दारांत लक्षावधि रुपयांचें प्रवेशशुल्क विचारतात, हें नवें सोंवळेंच नव्हे काय ? आणि गांवोगांवच्या तालमींत व वाचनालयांत सायंकाळीं स्त्रिया किती दिसतात, हें वाचकांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें.

आमच्या व्यापारी बंधूंस एक विनंति आहे. स्पर्धेच्या ढालीस व वाचनालयाच्या कपाटास देणगी आपणच देतां. तेव्हां अट घालण्याचा अधिकारही आपलाच. पावती फाडण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या : गरिबाच्या मुलास प्रवेश आहे काय ? स्त्रियांस सोयीची वेळ राखली आहे काय ? खेळ वा व्याख्यान संपल्यावर सर्वांचा चहा एकाच पंक्तीस होतो काय ? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर ती संस्था क्रिकेटची असो वा काव्यवाचनाची, तिला हात सैल सोडून द्यावें. नसेल, तर ढालीवर आपलें नांव कोरून घेण्याची घाई करूं नये.