रस्ता आखताना मोजलं कोणाला?

कापसाचा हंगाम लागला की माझ्याकडे दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक दमेकरी. दुसरे, अंधार पडताना दुचाकीवरून येऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून धडकलेले. हनुवटी फाटलेली, मनगट मोडलेलं, आणि सोबतचा माणूस हमखास सांगतो, "डॉक्टरसाहेब, याचीच चूक होती." डेंग्यू झाल्यावर डास चावलेल्या माणसाला आपण दोष देतो का? डबकं कुठं आहे ते बघतो.

हे डबकं कागदावर आहे. रस्ता आखण्याआधी वाहनं प्रकारानुसार मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसची १९७२ ची मार्गदर्शिका सांगते : वर्षातून दोनदा, सलग सात दिवस मोजा, एकदा सुगीच्या गर्दीत, एकदा मंदीच्या काळात. नियम शहाणपणाचा आहे. घोळ पुढं होतो.

मोजलेल्या प्रत्येक वाहनाचं रूपांतर 'पीसीयू'मध्ये, म्हणजे किती कारइतकं ते रस्ता अडवतं त्या आकड्यात करतात. ग्रामीण रस्त्यांसाठी १९९० च्या तक्त्यात कार १, दुचाकी ०.५, ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५, बैलबंडी ८. मग सगळ्यांची बेरीज, आणि बेरजेवरून रस्त्याची रुंदी. या हिशेबात १६ दुचाकी म्हणजे एक बंडी! बंडी पायी चालणाऱ्याच्या वेगानं जाते, तिला मागं दिवा नसतो. दुचाकी साठच्या वेगानं येतात. धोका नेमका या फरकात आहे, आणि बेरजेत तोच पुसला जातो. दहा रुग्णांच्या तापाची सरासरी काढून सगळ्यांना एकच गोळी द्यावी, तसं हे.

पायी चालणाऱ्याला तर त्या तक्त्यात आकडाच नाही. तो वाहन नाही ना!

केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची, १९.५ टक्के पायी चालणारी.

"जागा नाही, पैसा नाही," असं उत्तर मिळतं. रुंदीकरणाला मिळतो की! रुंद रस्त्यावर गाड्या आणखी पळतात, आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. गावातून जाणाऱ्या तुकड्यात वेग कमी करणारे उंचवटे, बंडी-ट्रॅक्टरसाठी पक्की बाजूपट्टी, शाळेजवळ फूटपाथ, फाट्यावर दिवा : हे ठरवायला बेरीज उपयोगाची नाही, कोण किती आणि केव्हा जातं ते लागतं.

हेल्मेट घालाच, ट्रॉलीमागं लाल रिफ्लेक्टरही लावा. पण बोरी अरबमधून जाणाऱ्या रस्त्याचं काम निघेल तेव्हा माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून वाहन-गणनेचा मूळ तक्ता मागा. नुसती बेरीज घेऊन परत येऊ नका. आणि मोजणी कोणत्या महिन्यात केली, तेही विचारा.